गुण शिंपल्याचा की पाण्याचा?

फ्रान्सच्या वायव्य किनाऱ्यावर, नॉर्मंडी आणि ब्रिटनी हे दोन प्रांत जिथे भेटतात, तिथे मों-सँ-मिशेलचा उपसागर आहे. मालवण-वेंगुर्ल्याकडे खडकांना चिकटलेल्या ज्या लांबट शिंपल्यांना शिनाणे म्हणतात, त्याच कुळातल्या शिंपल्यांची इथे लाकडी खांबांवर शेती होते. २००६ साली फ्रान्सने या शिंपल्यांना उगमस्थानाचे संरक्षित नाव दिले. तोवर हा मान वाइनला, चीजला, लोण्याला मिळत आला होता. समुद्रातल्या मालाला तो त्या देशात पहिल्यांदाच मिळाला. पुढे २०११ मध्ये युरोपीय संघानेही त्यावर शिक्कामोर्तब केले. नाव उगमस्थानाचे, पण हे शिंपले तिथे जन्मत नाहीत. त्यांचे बीज मुख्यतः दक्षिणेकडच्या अटलांटिक किनाऱ्यावर धरले जाते. वसंत ऋतूत तिथे समुद्रात काथ्याचे दोर ताणून ठेवतात, पाण्यात तरंगणारी सूक्ष्म पिल्ले त्या दोरांच्या केसाळ धाग्यांना चिकटतात, आणि मग बीजाने भरलेले ते दोर उपसागरात आणून ओकच्या खांबांभोवती गुंडाळतात. जन्म एकीकडचा, वाढ दुसरीकडची, आणि कायद्याने नाव दिले ते वाढीच्या जागेचे.

व्यापाराच्या सोयीसाठी घेतलेला हा निर्णय तत्त्वज्ञानातल्या एका जुन्या वादाला हात घालतो. एखाद्या वस्तूचे किंवा जीवाचे गुण कुठे असतात? ते त्याच्या आत असतात, त्याचे स्वतःचे असतात, की भोवतालच्या परिस्थितीने त्याला दिलेले असतात? ‘खाण तशी माती’ या म्हणीने आपण हा प्रश्न एका फटक्यात निकालात काढतो, आणि पिढ्यानपिढ्या माणसांबद्दलही तसेच बोलत आलो आहोत. माझे म्हणणे असे की गुण ही कुणाची खासगी मालमत्ता नव्हे. बीज, जागा आणि तो गुण अनुभवणारा या तिघांच्या संबंधात तो घडतो, आणि संबंध बदलला की गुणही बदलतो. हे म्हणणे नुसत्या तर्कावर सोडायला नको. शिनाण्यांसारखा जीव, जो एकदा चिकटला की बहुधा तिथेच आयुष्य काढतो आणि जे पाणी येईल तेच गाळून जगतो, त्याच्याकडे नीट पाहिले तर याचा पुरावा हाती लागतो.

या उपसागरात भरती-ओहोटीच्या पातळीतला फरक मोठ्या उधाणाला चौदा मीटरपर्यंत जातो. युरोपात इतका फरक क्वचित कुठे असेल. ओहोटीला मैलोन्‌मैल वाळू उघडी पडते आणि खांबांच्या रांगा उन्हावाऱ्यात उभ्या राहतात. त्या वेळी शिंपले झाकणे घट्ट मिटून आतले पाणी धरून बसतात. खाणे बंद, वाढ थांबलेली. भरती आली की झाकणे उघडतात आणि पाण्यातल्या सूक्ष्म वनस्पती गाळून घ्यायला सुरुवात होते. एकाच खांबावर खालच्या बाजूचे शिंपले जास्त वेळ पाण्यात असतात, वरचे कमी, म्हणून दोघांच्या वाढीतही फरक पडतो. शिंपले तळाच्या वाळूपासून वर राहतात, त्यामुळे मांसात कचकच नसते. आकाराने लहान, पण कवच भरून उरलेले पिवळे-केशरी मांस, ही ज्या मालाची ओळख आहे, त्यातली बरीचशी ओळख चंद्राने, वाळूने आणि लाकडाच्या खांबाने घडवलेली आहे. तेच बीज जन्मस्थळी राहिले असते तर शिंपला झाले असते यात शंका नाही. असे शिंपले झाले नसते.

स्पेनच्या गॅलिसिया प्रांतात चित्र वेगळे आहे. तिथे समुद्र जुन्या नदीखोऱ्यांत आत घुसून लांब खाड्या झाल्या आहेत, त्यांना ‘रिया’ म्हणतात. या खाड्यांत निलगिरीच्या लाकडाचे सुमारे तीन हजार तराफे नांगरलेले आहेत. एका तराफ्याखाली पाचशेपर्यंत दोर लोंबतात, एकेक बारा मीटरपर्यंत लांब. इथला शिंपला कधीच उघडा पडत नाही. चोवीस तास पाण्यात आणि चोवीस तास जेवणावर. शिवाय उन्हाळ्यात उत्तरेचा वारा वरचे कोमट पाणी बाहेर ढकलतो आणि त्याच्या जागी खोल समुद्रातले थंड, पोषक क्षारांनी भरलेले पाणी खाडीत वर येते. सूर्यप्रकाश आणि क्षार एकत्र आले की सूक्ष्म वनस्पतींचे पीक माजते. या पाण्यावर गॅलिसियाचा शिंपला जगातल्या कितीतरी ठिकाणांपेक्षा झपाट्याने वाढतो आणि मोठा होतो. त्याचे बीजही बऱ्याच अंशी लाटांच्या माऱ्यातल्या बाहेरच्या खडकांवरून खरवडून आणलेले असते. खडकावर राहिलेले त्याचे भाऊबंद आणि तराफ्यावर वाढलेला तो, यांच्यात विणीचा फरक नाही, वस्तीचा आहे. तराफ्यावर प्रवाहाच्या तोंडाशी असलेल्या दोरांना अन्न आधी मिळते, मागच्यांना उरलेले. म्हणजे ‘जागा’ हा शब्द देशापुरता किंवा खाडीपुरता नाही. एकाच तराफ्यावर दोन जागा असतात.

याहून नेमका पुरावा अदलाबदलीच्या प्रयोगांत आहे. बाल्टिक समुद्राच्या मध्यभागात पाण्याचा खारेपणा हजारी सहा-सात इतकाच असतो. खुल्या महासागरात तो पस्तिसाच्या आसपास. बाल्टिकमधले शिंपले खुजे राहतात, तीन-चार सेंटिमीटरच्या पुढे क्वचित जातात. पाहणाऱ्याला ही जातच खुजी वाटेल. पण स्वीडनच्या शास्त्रज्ञांनी हे शिंपले खाऱ्या पाण्याच्या किनाऱ्यावर नेऊन ठेवले तेव्हा ते भराभर वाढू लागले. खुजेपणा त्यांच्या अंगात नव्हता, अंगाबाहेरच्या पाण्यात होता. असेच कवचाचे. पाण्यात खेकड्याचा नुसता वास मिसळला तरी शिंपला कवच जाड करू लागतो, हे अमेरिकेच्या ईशान्य किनाऱ्यावरच्या प्रयोगांत दिसले आहे. लाटांचा मार जास्त असेल तर खडकाला धरून ठेवणारे पायातले तंतू अधिक संख्येने आणि अधिक बळकट निघतात. जाडी, बळ, आकार, चव हे ज्याला आपण ‘त्याचे’ गुण म्हणतो, ते शेजाऱ्यांना दिलेले उत्तर असते.

आणि विषाचे काय? १९८७ च्या अखेरीस कॅनडात प्रिन्स एडवर्ड बेटावरचे शेतीतले शिंपले खाऊन शंभराहून अधिक माणसे आजारी पडली, काहींची स्मृती कायमची गेली, किमान तिघे दगावले. शोध घेता कळले की खाडीत एका सूक्ष्म वनस्पतीचा बहर आला होता आणि ती डोमोइक आम्ल नावाचे विष तयार करत होती. शिंपल्यांनी ते विष पाण्यासोबत गाळून अंगात साठवले होते; त्यांना स्वतःला काहीच झाले नव्हते. बहर ओसरल्यावर, पाणी निवळल्यावर, ते विष शिंपल्यांतून निघूनही जाते. गॅलिसियात तर जे ऋतुचक्र मांस भरवते, तेच उन्हाळा सरताना विषारी बहरांना वाट करून देते आणि तराफे काही काळ बंद ठेवावे लागतात. अमुक ठिकाणचा माल उत्तम आणि तमुक ठिकाणचा घातक, असे आपण म्हणतो तेव्हा दोन्ही वेळा एकाच जीवाबद्दल बोलत असतो. उत्तमपणाचे श्रेय त्याला द्यायचे आणि विषाचे खापर मात्र पाण्यावर फोडायचे, हा न्याय टिकणार नाही. श्रेय आणि दोष यांचा हिशेब एकाच वहीत मांडला पाहिजे.

आपल्याकडच्या दर्शनांनी हा प्रश्न फार बारकाईने हाताळला आहे. वैशेषिकांच्या मते गुण द्रव्यात राहतो आणि समवायाने, म्हणजे न तुटणाऱ्या संबंधाने, त्याला जोडलेला असतो. द्रव्याशिवाय गुणाला उभे राहायला जागा नाही. वरवर पाहता हा गुणाच्या मालकीचाच सिद्धान्त. पण कच्चे मडके भट्टीत गेले की काळ्याचे लाल होते, ही साधी गोष्ट त्यांना सोडवावी लागली, आणि अग्नीच्या संयोगाने जन्मणाऱ्या ‘पाकज’ गुणांची वेगळी कल्पना मांडावी लागली. पाक परमाणूंत होतो की अख्ख्या मडक्यात, यावर वैशेषिक आणि नैयायिक यांच्यात मोठा वाद झाला. बाहेरून येणारा संयोग नवा गुण जन्माला घालतो हे मात्र दोघांनीही मान्य केले. बौद्ध तत्त्वज्ञ नागार्जुन दुसऱ्या टोकाला गेला. स्वभाव म्हणायचा तर तो न घडवलेला आणि कशावरही न विसंबणारा असायला हवा; जे कारणांनी घडते त्याला स्वभाव कसा म्हणणार, असा त्याचा प्रश्न. मला या दोहोंपेक्षा चरकसंहितेची मांडणी अधिक जवळची वाटते, कारण ती ताटातल्या अन्नापासून सुरू होते. विमानस्थानाच्या पहिल्या अध्यायात आहाराचा विचार करताना आठ गोष्टी पाहायला सांगितल्या आहेत: प्रकृती, करण, संयोग, राशी, देश, काल, उपयोगाचे नियम आणि उपयोक्ता. प्रकृती म्हणजे द्रव्याचा स्वभाव. तो नाकारलेला नाही. पण देश स्वतंत्रपणे मोजला आहे, आणि त्यात द्रव्य कुठे उपजले आणि कुठे वावरले या दोन्ही गोष्टी येतात. करण म्हणजे संस्कार, आणि संस्काराचे काम मूळ द्रव्यात दुसरा गुण आणणे हे आहे. तो ज्यांमुळे घडतो त्यांत पाणी आणि अग्नी यांच्या बरोबरीने देश आणि काल यांचीही गणना आहे. काथ्याच्या दोरावरून परक्या उपसागरात आलेल्या बीजाचे वर्णन याहून अचूक करणे अवघड आहे.

यावर सर्वांत वजनदार आक्षेप स्कॉटलंडमधून येतो. तिथल्या लॉख एटिव्ह या खाडीसारख्या आत शिरलेल्या सरोवरात शिंपल्यांची शेती होत असे, आणि शेतकऱ्यांच्या लक्षात आले की काही दोरांवरचे शिंपले पातळ कवचाचे निघतात, प्रतवारीच्या यंत्रात फुटतात, आणि त्यांत मांसही कमी असते. पाणी तेच, दोर तसेच, ऋतू तोच. तपासणीत दिसले की नेहमीच्या निळ्या शिंपल्याच्या शेजारी एक वेगळी, जवळची जात आणि दोघांचे संकर वाढत होते. एका पाण्यात दोन गुण. मग गुण बीजाचाच नाही का? हा आक्षेप बाजूला सारण्यासारखा नाही. बीजाला काही मर्यादा असतात आणि जागा कितीही चांगली असली तरी ती त्या मर्यादा पुसून टाकत नाही. मों-सँ-मिशेलचे पाणी कालवाला शिनाणे करू शकणार नाही. इतके मान्य करूनही दोन गोष्टी उरतात. ज्या पातळ कवचामुळे ही जात स्कॉटलंडच्या शेतकऱ्याला नको झाली, तिच्याच नात्यातले पातळ कवचाचे शिंपले बाल्टिकच्या अळणी पाण्यात कोट्यवधींनी तळ व्यापून आहेत. जिथे कवच बांधायला लागणारे क्षार महाग पडतात तिथे पातळ कवच ही उणीव ठरत नाही. ते वाईट ठरले ते यंत्रापुढे. आणि दुसरे, बीज तरी कुठून आले? हजारो पिढ्या एका प्रकारच्या पाण्यात जगल्या आणि मेल्या, त्या पाण्याला जे टिकले त्यांचा वारसा म्हणजे ते बीज. आज ज्याला आपण स्वभाव म्हणतो तो फार जुन्या जागांचा ठसा आहे. बीज आणि जागा यांत भेद आहेच. पण तो आत-बाहेरचा नसून दीर्घकाळ आणि अल्पकाळ यांतला आहे.

दुसरा आक्षेप उलट बाजूने येतो. सगळेच जागेने घडवले तर जीव म्हणजे नुसते भांडे झाले, पाणी ओतावे आणि त्याचा आकार घ्यावा. असे मात्र नाही. जैन परंपरेने शंख-शिंपल्यांना द्वींद्रिय जीवांत घातले, स्पर्श आणि रसना ही दोन इंद्रिये असलेल्यांत. ज्याला रसना आहे तो निवड करतो. शिंपला प्रत्यक्षात तेच करतो. गाळलेल्या पाण्यातले कण तो तोंडाशी असलेल्या पाकळ्यांवर चाळतो. कामाचे आत घेतो आणि नको ते चिकट द्रवात गुंडाळून बाहेर टाकून देतो. पाणी सगळ्यांना सारखे आले तरी त्यातून काय घ्यायचे हे त्याच्याकडे राहते. आणि तो जागेलाही बदलतो. पूर्ण वाढलेला शिंपला तासाला काही लिटर पाणी गाळतो; हजारो तराफ्यांवरचे असंख्य शिंपले मिळून खाडीतले पाणी निवळते करतात आणि तराफ्यांखालच्या तळावर त्यांच्या विष्ठेचा गाळ साचवतात, इतका की तळातले जीवन बदलते. आज ज्या रियाने गॅलिसियाचा शिंपला घडवला असे आपण म्हणतो, ती रिया आजच्या रूपात शिंपल्यांनीही घडवलेली आहे. नागार्जुनाचे म्हणणे इथे खरे ठरते: दोघांपैकी कुणीही दुसऱ्यावाचून सिद्ध नाही.

राहिला चरकांच्या यादीतला आठवा, उपयोक्ता, म्हणजे खाणारा. ज्याला आपण उत्तम माल म्हणतो तो शिंपला प्रजननाच्या तयारीत असतो. अंगात साठवलेले पोषण आणि भरलेले प्रजननांग हेच ते भरदार मांस. बीज सोडून झाले की तोच शिंपला लुकडा होतो आणि बाजारात त्याचा भाव पडतो. त्याच्या दृष्टीने मात्र तेव्हा त्याचे काम पार पडलेले असते. आपण चांगला हंगाम म्हणतो तो खाणाऱ्याचा. या जिवाला वेदना कितपत कळते, हा प्रश्न मी इथे सोडवू शकत नाही, आणि ज्यांच्या धर्माने त्याला जीव मानून ताटाबाहेर ठेवले आहे त्यांचा निर्णय मला आदराचा वाटतो. पण खाणाऱ्याने इतके तरी ओळखावे की ‘गुणी’ हा शब्द त्याने स्वतःच्या जिभेवरून दिलेला आहे.

शिंपल्यावरून माणसाबद्दल काही सिद्ध होते का? थेट होत नाही. माणूस चालतो, शिकतो, जागा सोडतो, जागेला नकार देतो. पण आपल्या समाजात जन्मजात गुणांचा दावा करणारे नेहमी निसर्गाचीच साक्ष काढत आले. जनावरांत वाण असते, बियाण्यात वाण असते, म्हणून माणसांतही असणारच, असा तो युक्तिवाद. या साक्षीला आता उभे राहायला जागा उरत नाही. ज्याला हलता येत नाही, बोलता येत नाही, अशा साध्या प्राण्यातही नुसत्या जन्मावरून गुण सांगता येत नसतील, तर माणसाच्या बाबतीत जन्म पाहून गुण ठरवणाऱ्याला निसर्गाचा आधार मागण्याचा अधिकार नाही. त्याने दुसरा आधार शोधावा; मला तो सापडेल असे वाटत नाही. खुजेपणा पाण्याचा होता हे बाल्टिकमध्ये कळायला शिंपला तिथून हलवावा लागला. ज्या मुलांना शाळा, पोटभर अन्न आणि स्वच्छ पाणी कधी मिळालेच नाही, त्यांच्या कुवतीबद्दल निकाल देणाऱ्यांनी आधी ती जागा बदलून पाहिली पाहिजे.

गुण जागेशी बांधलेला असेल तर जागेची जबाबदारी कुणाची, हा प्रश्न टाळता येत नाही. शिंपला पाणी बदलू शकतो तो थोडाच. ते बिघडवणारे आणि सुधारणारे आपण आहोत. केरळात कासरगोडकडे १९९०च्या दशकापासून खुल्या समुद्रातल्या खडकांवरचे हिरव्या शिनाण्यांचे बीज आणून कायलांमध्ये, म्हणजे किनाऱ्यालगतच्या खाऱ्या जलाशयांत, दोरांवर वाढवतात आणि पाऊस पडून पाणी अळणी होण्याआधी, मे-जूनपर्यंत, काढून घेतात. बचतगटांतल्या बायकांनी ही शेती मोठ्या प्रमाणावर सांभाळली आहे. सिंधुदुर्गातल्या खाड्यांतही असे प्रयत्न झाले आहेत आणि ते वाढावेत असे मला मनापासून वाटते. उद्या कुणी या मालाला खाडीच्या नावाचा शिक्का मागेल, आणि तो मागणे योग्यच होईल. पण नावाआधी पाणी पाहावे लागते. युरोपीय संघाच्या अन्नसुरक्षेच्या नियमांत वर्ग ठरतो तो वाढीच्या पाण्याचा: ‘अ’ वर्गातल्या पाण्यातला माल थेट खाण्यासाठी विकता येतो, ‘ब’ मधला शुद्धीकरणाच्या टाक्यांतून न्यावा लागतो, ‘क’ मधला किमान दोन महिने स्वच्छ पाण्यात नेऊन ठेवावा लागतो. आपल्या किनाऱ्यावरच्या ग्रामपंचायतींनी आणि मत्स्य विभागाने शिक्क्याच्या आधी हे काम हाती घ्यावे: ज्या खाडीत दोर टाकायचे तिचे पाणी आणि त्यातल्या शिंपल्यांचे मांस नियमित तपासावे, आणि निकाल प्रत्येक वेळी जेटीवरच्या फलकावर मराठीत लावावा.